१४,५०० डॉलरची जागा: टीएफएसए खात्याचं एक प्रकरण

मार्च-एप्रिल आला की मिसिसागातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर जेवण होत नाही, तिथं फायली असतात. ओळखीतल्या मराठी घरांचे टॅक्स रिटर्न मी गेली काही वर्षं भरून देते. त्यातली बरीचशी घरं कॅनडात नवी असतात. हे प्रकरण अशाच एका घराचं आणि टीएफएसए या कॅनडातल्या करमुक्त खात्याचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. लिहू का म्हणून विचारलं, तेव्हा वहिनीच म्हणाल्या, "लिहा ताई. आमचे गेले ते गेले, वाचून दुसऱ्या कुणाचे वाचतील."

दादा-वहिनी मूळचे नाशिकचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये पीआर म्हणजे कायम रहिवासाची परवानगी घेऊन, लहान मुलाला कडेवर घेऊन टोरंटोला उतरले. दादांना काही महिन्यांत एका कारखान्यात क्वालिटीचं काम मिळालं, पगार वर्षाला सुमारे ८५,००० डॉलर. वहिनी मुलासाठी घरी होत्या. पहिले दोन रिटर्न दादांनी स्वतःच सॉफ्टवेअरवर भरले होते. एप्रिल २०२५ मध्ये ते पहिल्यांदा माझ्याकडे आले. कंपनीचा टी-४, म्हणजे वर्षाच्या पगाराची स्लिप, आणि बाकीचे कागद दिल्यावर त्यांनी बँकेचं एक स्टेटमेंट माझ्यापुढे सरकवलं.

"ताई, हे ४०,००० पण धरा. गेल्या वर्षी टीएफएसएत भरलेत. रिफंड चांगला येईल ना?"

मी पेन खाली ठेवलं. या एका वाक्यात दोन अडचणी होत्या. टीएफएसएत भरलेल्या पैशांवर कसलीही वजावट मिळत नाही, ही पहिली आणि साधी. दुसरी जड होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या माणसाने २०२४ या एका वर्षात ४०,००० डॉलर भरलेच कसे?

वजावट मागितली नसती, तर हे प्रकरण माझ्यासमोर आलंच नसतं, हेही इथंच सांगते. टीएफएसएच्या व्याजाची स्लिप बँक पाठवत नाही आणि नेहमीच्या रिटर्नमध्ये या खात्यासाठी ओळच नाही. रिटर्न अगदी बिनचूक भरलेलं असतं आणि त्याच वेळी या खात्यात महिन्यागणिक दंड साचत असतो. तेव्हापासून मी प्रत्येकाला तोंडी विचारते: टीएफएसए आहे का, किती खाती, कधी भरले, कधी काढले?

हे खातं म्हणजे काय

टीएफएसए म्हणजे टॅक्स-फ्री सेव्हिंग्ज अकाउंट. अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टी यांनी २००८ च्या अर्थसंकल्पात ते मांडलं आणि १ जानेवारी २००९ पासून ते सुरू झालं. नाव बचत खात्याचं असलं तरी ते बचत खातं नाही. तो एक डबा आहे. डब्याला करमाफी आहे; आत काय ठेवायचं ते तुम्ही ठरवता. साधी बचत ठेवा, मुदतठेव म्हणजे जीआयसी ठेवा, म्युच्युअल फंड, ईटीएफ, शेअर बाजारात नोंदलेले शेअर किंवा रोखे ठेवा. पैसे भरताना करात सूट नाही, कारण ते कर भरून हातात उरलेलेच पैसे असतात. पण आत जे वाढेल त्याच्यावर कर नाही आणि काढताना कर नाही. काढलेली रक्कम उत्पन्नात धरली जात नाही, म्हणून मुलांसाठी मिळणारा चाइल्ड बेनिफिट किंवा म्हातारपणी मिळणारी पेन्शनची पुरवणी तिच्यामुळे कमी होत नाही. आरआरएसपी या निवृत्तीसाठीच्या खात्याचं नेमकं उलट. तिथं भरताना वजावट मिळते आणि काढताना कर लागतो.

आता मुद्द्याची गोष्ट, रूम. या डब्यात किती घालता येईल याला मर्यादा आहे आणि इथं सगळे तिला रूमच म्हणतात. सरकार दरवर्षी एक आकडा जाहीर करतं. २००९ ते २०१२ दरवर्षी ५,०००, पुढची दोन वर्षं ५,५००, २०१५ मध्ये एकदम १०,०००. सरकार बदललं आणि २०१६ पासून तीन वर्षं परत ५,५००. २०१९ ते २०२२ दरवर्षी ६,०००, २०२३ मध्ये ६,५००, आणि २०२४ ते २०२६ दरवर्षी ७,०००. एखाद्या वर्षी रूम वापरली नाही तर ती बुडत नाही, पुढच्या वर्षात जमा होते. म्हणून २००९ पासून सलग कॅनडात राहणाऱ्या, तेव्हाच १८ वर्षांच्या असलेल्या माणसाची २०२४ पर्यंतची एकूण रूम ९५,००० झाली होती.

हा ९५,००० चा आकडा दादांनी कामावर डब्यातली चपाती-भाजी खाताना ऐकला. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने सांगितला. त्याचा आकडा त्याच्यापुरता बरोबर होता, कारण तो इथंच वाढलेला. दादांच्या बाबतीत मोजणी ते कॅनडाचे करदृष्ट्या रहिवासी झाले त्या वर्षापासून सुरू होते. एक गोष्ट मात्र नव्या माणसाच्या बाजूची आहे. पहिल्या वर्षाची रूम महिन्यांच्या हिशेबाने कापली जात नाही. ऑक्टोबरमध्ये आलात तरी त्या वर्षाचे पूर्ण ६,००० मिळतात. पीआरच हवा असंही नाही. वर्क परमिटवर असलेला, वय १८ पूर्ण झालेला, सिन नंबर (सरकारी ओळख क्रमांक) असलेला रहिवासी हे खातं उघडू शकतो. पगार असणंही गरजेचं नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे पडणार आहे.

म्हणजे दादांची रूम अशी झाली: २०२२ चे ६,०००, २०२३ चे ६,५००, २०२४ चे ७,०००, मिळून १९,५००. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी ५,००० भरले होते. १ जानेवारी २०२४ ला त्यांच्याकडे १४,५०० ची रूम होती. त्याहून एक डॉलरही जास्त नाही.

मार्च एंड

नाशिकचा फ्लॅट विकून आलेल्या पैशांपैकी ३०,००० डॉलर दादांनी १२ मार्च २०२४ ला टीएफएसएत भरले. मार्चच का, असं मी विचारलं. ते थोडे गोंधळले. "मार्च एंडच्या आत टाकायचे असतात ना?"

मला त्या उत्तरात माझे वडील दिसले. आपल्याकडे पीपीएफचं पासबुक घेऊन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोस्टात रांगेत उभं राहणं ही घराघरातली रीत. वर्षाला दीड लाखाची मर्यादा, जुन्या करपद्धतीत वजावट, व्याज करमुक्त, पंधरा वर्षांनी हातात येणारी रक्कमही करमुक्त. करमुक्त बचत म्हटलं की मराठी माणसाच्या डोक्यात पीपीएफचं हेच चित्र उभं राहतं, आणि दादांनी ते जसंच्या तसं कॅनडात आणलं होतं. टीएफएसएचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, तिथं मार्च एंडला काही अर्थ नाही. आणि खरा फरक चुकीच्या किमतीत आहे. पीपीएफमध्ये दीड लाखाच्या वर भरलं तर जास्तीचे पैसे व्याजाविना परत मिळतात, बाकी काही होत नाही. टीएफएसएत जास्तीच्या रकमेवर दर महिन्याला १ टक्का कर लागतो. लोक त्याला दंड म्हणतात आणि मीही म्हणते. महिन्यातल्या ज्या दिवशी जास्तीची रक्कम सर्वांत मोठी होती, तो आकडा धरतात. ३ तारखेला पैसे काढले तरी त्या महिन्याचा दंड पूर्ण.

बँकेने अडवलं का नाही, हा वहिनींचा पहिला प्रश्न होता. बँक अडवत नाही, कारण बँकेला तुमची रूम माहीत नसते. तुमची दुसऱ्या बँकेत खाती असू शकतात. तुम्ही देशात कधी आलात हे बँक मोजत नाही. बँका वर्षभराचे व्यवहार पुढच्या फेब्रुवारीअखेर कॅनडा रेव्हेन्यू एजन्सी या कर खात्याला, म्हणजे सीआरएला, कळवतात. तोवर हिशेब फक्त तुमच्याकडे असतो.

त्या ३०,००० पैकी १८,००० ची त्यांनी एका वर्षाची जीआयसी केली. तेव्हा बँक ऑफ कॅनडाचा दर ५ टक्क्यांवर होता, त्यामुळे जीआयसीवरही साधारण तेवढंच व्याज मिळालं. उरलेले १२,००० साध्या बचतीत ठेवले. जूनमध्ये गाडी घ्यायला ते १२,००० काढले. सप्टेंबरमध्ये हातात पुन्हा पैसे आले, तेव्हा १०,००० परत भरले.

या सप्टेंबरच्या १०,००० बद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण इथं दादांनी निष्काळजीपणा केला नव्हता. पैसे परत टाकण्याआधी त्यांनी सीआरएच्या संकेतस्थळावर स्वतःच्या खात्यात शिरून रूम तपासली होती. तिथं आकडा होता १४,५००. त्यांनी वाचलं ते असं: मी आधीच ३०,००० भरलेत, तरी सरकार म्हणतंय अजून १४,५०० बाकी आहेत. मग १०,००० भरायला काय हरकत?

तो आकडा १ जानेवारीचा होता. त्या दिवशी तुमची रूम किती होती ते तिथं दिसतं, आणि चालू वर्षात तुम्ही काय भरलं, काय काढलं याचा त्यावर परिणाम होत नाही. जूनमध्ये पाहिला असता तरी १४,५०० आणि डिसेंबरमध्ये पाहिला असता तरी १४,५००. दादा तो आकडा बँकेतल्या शिल्लक रकमेसारखा वाचत होते. मी त्यांच्या जागी असते तर मीही तसाच वाचला असता. माणूस सरकारी पानावर जातो, शोधून आकडा काढतो, त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि त्याच विश्वासाने खड्ड्यात पडतो, याचं मला फार वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट, काढलेल्या पैशांची. टीएफएसएतून काढलेल्या रकमेची रूम परत मिळते, हे खरं आणि हीच या खात्याची सर्वांत मोठी सोय. पण ती परत मिळते पुढच्या १ जानेवारीला. जूनमध्ये काढलेल्या १२,००० ची रूम १ जानेवारी २०२५ ला येणार होती. सप्टेंबरमध्ये भरलेले १०,००० सरकारच्या लेखी "परत ठेवलेले" नव्हते, ते नवे १०,००० होते.

हिशेब

त्या संध्याकाळी मुलाच्या चित्रकलेच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही तिघांनी हिशेब मांडला.

मार्चमध्ये ३०,००० भरले, रूम १४,५०० होती, म्हणजे १५,५०० जास्त. मार्च, एप्रिल, मे या प्रत्येक महिन्याला १५५ डॉलर. जूनमध्ये १२,००० निघाले, पण निघेपर्यंत त्या महिन्यातली सर्वांत मोठी जास्तीची रक्कम १५,५०० च होती, म्हणून जूनचेही १५५. चार महिन्यांचे ६२०.

जास्तीचे पैसे काढले की तेवढी जास्तीची रक्कम त्याच वर्षी कमी होते. नवीन भरण्यासाठी जागा मात्र तयार होत नाही. त्यामुळे जुलै आणि ऑगस्टमध्ये जास्तीचे फक्त ३,५०० उरले होते. महिन्याला ३५, दोन महिन्यांचे ७०. सप्टेंबरमध्ये १०,००० पडले आणि आकडा १३,५०० वर गेला. सप्टेंबर ते डिसेंबर चार महिने, दर महिन्याला १३५, मिळून ५४०. २०२४ ची बेरीज १,२३०.

१ जानेवारी २०२५ ला ७,००० ची नवी रूम आली आणि जूनच्या १२,००० ची रूमही परत आली. तरी खड्डा भरला नाही. तोवर मिळालेली एकूण रूम २६,५०० होती आणि आत गेलेले, काढलेले वजा जाता, ३३,००० होते. ६,५०० अजून जास्त. जानेवारी ते एप्रिल महिन्याला ६५, म्हणजे आणखी २६०.

एकूण १,४९०.

दादांनी विचारलं, "आणि यात वाचलं किती?" मीही काढून पाहिलं. २०२४ मध्ये त्या खात्यात सगळं मिळून सुमारे १,१५० डॉलर व्याज झालं होतं. त्यांच्या पगाराच्या टप्प्यावर ऑन्टारिओत जवळपास ३० टक्के कर पडतो, म्हणजे वाचलेला कर साडेतीनशेच्या आसपास. त्या एका वर्षाचा दंडच व्याजाहून मोठा झाला होता. महिन्याला १ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण वर्षाला तो १२ टक्के होतो आणि तेवढं व्याज कुठलीच बँक देत नाही.

वहिनी इतका वेळ शांत होत्या. मग त्यांनी विचारलं, "ताई, माझी रूम किती?"

मी क्षणभर त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्याच विमानातून आल्या, त्याच दिवशी. वय १८ च्या वर, सिन नंबर आहे, रहिवासी आहेत. पगार नाही, पण या रूमचा पगाराशी संबंधच नाही. मार्च २०२४ मध्ये वहिनींची रूम पूर्ण १९,५०० होती, एक डॉलरही न वापरलेली. दादांचे जास्तीचे १५,५०० तिच्यात सहज मावले असते.

नवऱ्याने बायकोला पैसे द्यायचे आणि तिने ते स्वतःच्या टीएफएसएत टाकायचे, याला कायद्याची पूर्ण मुभा आहे. एरवी कॅनडात नवऱ्याने दिलेले पैसे बायकोने गुंतवले तर त्यावरचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. टीएफएसएत पैसे आहेत तोवर तो नियम लागत नाही. घरात जागा होती, ती दुसऱ्या खोलीत होती, आणि त्या खोलीचं दार कुणी उघडून पाहिलं नव्हतं. "पगार नाही तर खातं कशाला" असं घरात गृहीतच धरलेलं होतं. मी भेटते त्या बहुतेक मराठी घरांत हे असंच असतं. घरी असणाऱ्या बाईच्या नावावर एक खातं उघडायला एक दुपार पुरते, पण ती दुपार कुणी काढत नाही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त हेच लागलं.

निस्तरणं

दुसऱ्या दिवशी दादांनी ७,००० डॉलर काढले: जास्तीचे ६,५०० आणि जास्तीच्या पैशांवर वर्षभरात झालेलं साधारण ५०० डॉलर व्याज. व्याजही काढायला लावलं त्याला कारण आहे. दंड माफ करण्याचा अधिकार सीआरएकडे आहे, पण त्यासाठी चूक रास्त असावी लागते, आणि जास्तीची रक्कम तिच्यावरच्या कमाईसकट विनाविलंब बाहेर काढलेली असावी लागते. सुदैवाने १८,००० ची जीआयसी मार्चमध्येच सुटली होती. ती मुदतीआधी न मोडता येणारी असती आणि तिची दोन वर्षं बाकी असती, तर दंड चालू राहिला असता आणि पैसे काढता आले नसते. म्हणून रूमचा हिशेब पक्का झाल्याशिवाय टीएफएसएत लांब मुदतीची जीआयसी घेऊ नये, असं मी आता सांगते.

या दंडाचा फॉर्म वेगळा असतो, आरसी २४३. त्याच्या जोडपत्रात महिन्यामहिन्याची जास्तीची रक्कम लिहायची. मुदत पुढच्या वर्षीच्या ३० जूनची. उशीर केला तर त्याचा वेगळा दंड आणि वर व्याज. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात २०२४ चा फॉर्म भरला आणि १,२३० डॉलर त्याच्यासोबतच दिले. सूट मिळेलच अशा भरवशावर पैसे अडवून ठेवायचे नाहीत, एवढं मी आधी बजावलं होतं.

सोबत माफीचं पत्र जोडलं. कधी आलो, काय समजलो, संकेतस्थळावरचा १४,५०० चा आकडा कसा वाचला, चूक कळल्यावर दुसऱ्याच दिवशी पैसे कसे काढले, हे सगळं तारखांसकट आणि बँकेच्या स्टेटमेंटसकट. पत्र मी मनापासून लिहिलं होतं. काही महिन्यांनी नकार आला. करदात्याने आपले नियम स्वतः जाणून घ्यायचे असतात आणि नियम उपलब्ध होते, असा त्याचा आशय. फेरविचार मागता येतो. त्यानंतर फेडरल कोर्टाचीही वाट आहे, पण १,२३० डॉलरसाठी कोण कोर्टात जातं? दादांनी विषय सोडला. मला अजूनही वाटतं की त्यांची सप्टेंबरची चूक रास्त होती. २०२५ च्या चार महिन्यांच्या २६० साठी मुदत जून २०२६ ची.

त्या फायलीतून आणखी एक गोष्ट निघाली. नाशिकच्या बँकेत दादांची एनआरई, म्हणजे परदेशस्थ भारतीयांसाठीची, मुदतठेव होती. तिचं व्याज भारतात करमुक्त आहे, म्हणून त्यांनी ते कॅनडाच्या रिटर्नमध्ये कधी दाखवलं नव्हतं. पण कॅनडा आपल्या रहिवाशाच्या जगभरातल्या उत्पन्नावर कर लावतो. एनआरईचं व्याज असो की जुन्या पीपीएफचं, भारताने दिलेली माफी इथं चालत नाही. आधीचं रिटर्न दुरुस्त करून पाठवलं आणि फरकाचा कर भरला. सीआरएने विचारायच्या आधी आपण होऊन सांगितलेलं बरं पडतं. भारतातल्या गुंतवणुकीची मूळ किंमत १,००,००० डॉलरच्या वर असेल तर टी ११३५ हा वेगळा फॉर्मही लागतो. दादांची तेवढी नव्हती.

आणि वारस. दादांनी खातं ऑनलाइन उघडताना वारसाची जागा कोरी सोडली होती. आपल्याकडे नॉमिनी हा एकच शब्द पुरतो, इथं दोन आहेत. वहिनींना नुसतं लाभार्थी केलं तर दादांच्या मृत्यूच्या दिवशी खात्यात जे असेल ते त्यांना करमुक्त मिळेल, पण त्यानंतरच्या वाढीवर कर लागेल. त्यांना "सक्सेसर होल्डर" केलं तर ते खातंच वहिनींचं होऊन पुढे करमुक्त चालू राहील आणि त्यांच्या स्वतःच्या रूमला धक्का लागणार नाही. हा मान फक्त नवरा-बायकोला किंवा तशा जोडीदाराला मिळतो. ऑन्टारिओत बँकेच्या एका अर्जावर हे होतं, क्वेबेकमध्ये मात्र मृत्युपत्रातून जावं लागतं. तो अर्ज आम्ही त्याच आठवड्यात भरला.

नाशिकला परतलो तर

हा प्रश्न वहिनींचा. तो प्रत्येक घरात येतो, कधी सासूबाईंच्या फोननंतर, कधी पहिल्या मोठ्या बर्फानंतर.

परत गेलं तरी खातं बंद करावं लागत नाही. आतली वाढ कॅनडाच्या लेखी करमुक्तच राहते. पण रहिवास सुटल्यावर त्यात नवे पैसे भरायचे नाहीत, भरले तर पुन्हा तोच महिन्याला १ टक्का. पूर्ण वर्ष बाहेर राहिलात तर त्या वर्षाची नवी रूमही मिळत नाही. आणि भारताच्या कायद्यात टीएफएसए नावाची काही माफी नाही. परतल्यावर "निवासी पण सामान्यतः निवासी नाही" अशा दर्जाचा काही काळ मिळतो, तेव्हा परदेशातल्या उत्पन्नावर सहसा कर लागत नाही. तो संपला की टीएफएसएतलं व्याज आणि नफा भारतात करपात्र. पीपीएफची माफी कॅनडा मानत नाही, तशीच टीएफएसएची माफी भारत मानत नाही. परत जायचं ठरलं तर तो हिशेब विमानाचं तिकीट काढण्याआधी करायचा.

दादा मधे एकदा म्हणाले, एवढी भानगड असेल तर खातंच नको. मी त्यांना थांबवलं. खातं चांगलं आहे. समजा ७,००० भरले, त्याचे १२,००० झाले आणि सगळे काढले, तर पुढच्या जानेवारीत १२,००० ची रूम परत येते. उलट शेअरमध्ये घालून ७,००० चे ३,००० उरले आणि ते काढले, तर ३,००० चीच रूम येते, बुडालेल्या ४,००० ची रूमही बुडाली. म्हणून घराच्या गरजेचा पैसा उसळत्या शेअरमध्ये घालू नका, आणि दिवसभर शेअरची खरेदी-विक्री करून हा डबा धंद्यासारखा चालवू नका, कारण धंदा मानला गेला तर त्या नफ्यावर कर लागतो. बँक बदलायची झाली तर पैसे स्वतः काढून दुसरीकडे भरू नका, नव्या बँकेला थेट ट्रान्सफर करायला सांगा, म्हणजे रूमला हात लागत नाही. एवढं सांभाळलं की बाकी सगळं सोपं आहे.

वहिनींचं खातं एप्रिल २०२५ मध्येच उघडलं. दादांनी काढलेले ७,००० त्यात गेले आणि मे पासून दरमहा ५००. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या प्रत्येक पानावर वहिनी त्या महिन्यात काय भरलं आणि काय काढलं ते कोपऱ्यात पेन्सिलीने लिहू लागल्या. दुधाचा हिशेब लिहितात तसं.

१ जानेवारी २०२६ ला दुपारी त्यांचा फोन आला. नव्या कालनिर्णयच्या पहिल्या पानावर दोन आकडे लिहायचे होते. "ह्यांची ७,५००. नवे ७,०००, आणि गेल्या वर्षी काढलेलं ५०० व्याज, त्याचीही रूम परत आली, हो ना? आणि माझी २६,५०० मधून ११,००० गेले, वर नवे ७,०००. बावीस हजार पाचशे. बरोबर आहे का ताई?"

मी कागदावर मांडून पाहिलं. बरोबर होतं.